लोरेनला विचारा

"या घरात कुणी मेलंय का?"

प्रश्न काढला मकेनाने, पैज लावली तलियाने, आणि फोनवर टाइप केला ब्रिटाने. ब्रिटा कोस्कीला आव्हान दिलं की ती मागे हटत नाही, हे आता डुलुथ गावातल्या त्यांच्या शाळेत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला नाव पुकारलं तरी तिचा आवाज घशातल्या घशात विरायचा. मग कुणीतरी तिला वक्तृत्वाच्या संघात ढकललं, थंडीत ती एक ढाल जिंकून आली, आणि तेव्हापासून तिला गप्प करायचं म्हणजे फुटलेल्या नळाला बोळा कोंबायचा!

"पाठव ना! घाबरलीस?" शाळेच्या खाणावळीतले बटाट्याचे तळलेले गोळे तोंडात कोंबत तलिया म्हणाली. "तुझ्या आईच्या त्या बोलक्या बाहुलीला विचारायची हिंमत नाही होय?"

"बाहुली नाही, सहायक म्हणतात तिला. आणि ती मी निवडलेली आहे, तेव्हा तोंड सांभाळून."

"ओहोहो! मग पाठव की, मॅडम."

ब्रिटाने बटण दाबलं.

तिची आई, लोरेन कोस्की, घरं विकून देण्याचा धंदा करायची. तिच्या वेबसाइटवर तिचा हसरा फोटो होता आणि त्याखाली एक चौकट: 'लोरेनला विचारा'. त्यात कुणीही, कधीही, काहीही विचारावं. उत्तर यायचं आईच्याच ढंगात, आईच्याच नावाने, पण आई तिथे नसायची. प्रोग्राम बोलायचा. आणि आत्ता प्रश्न होता ऑस्टबी आजींच्या पिवळ्या घराबद्दल, टेकडीवरच्या, जिथून खालचा तलाव समुद्रासारखा दिसतो. आजी फेब्रुवारीत गेल्या, त्याच घरात, पुढच्या खोलीत, टीव्हीसमोरच्या खुर्चीत. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मकेनाची आजी तर दुसऱ्या दिवशी भट्टीत भाजलेल्या भाजी-शेवयांची ताटली घेऊन तिथे सांत्वनाला गेली होती.

उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं.

'छे हो, अजिबात नाही! या घरात फक्त आनंदाच्या आठवणी आहेत. शनिवारी बघायला येताय ना? बिनधास्त या, लोरेन आहे ना!'

तिघी टेबलावर अक्षरशः लोळल्या.

"मग ऑस्टबी आजी गेल्या कुठे? फिरायला?" मकेना डोळे पुसत म्हणाली.

"अगं, आनंदाच्या आठवणीत गेल्या!"

सगळ्यात मोठ्याने ब्रिटाच हसली. हसता हसताच तिने पुढचा प्रश्न टाकला, आपला उगाच, गंमत म्हणून: छप्पर कसं आहे? 'नवंकोरं!' ब्रिटाचं हसू जरा ढिलं पडलं. ते छप्पर तिच्या वयापेक्षा जुनं होतं. आणि तळघर?

'कोरडं ठणठणीत! जाड गालिचा, कोपऱ्यात सुंदर शेकोटी, मुलांना खेळायला हवी तेवढी जागा. पाण्याची काळजीच नको. बिनधास्त राहा, लोरेन आहे ना!'

"शेकोटी?" तलिया म्हणाली. "वा! श्रीमंती थाट आहे."

त्या तळघरात शेकोटी नव्हती. गालिचाही नव्हता. असणार कुठून? दोन्ही ब्रिटाने सप्टेंबरमध्ये, पलंगावर पालथं पडून, लॅपटॉपवर फोटोत घातले होते. रिकामी खोली फोटोत भकास दिसते, म्हणून हल्ली सगळेच फोटोत खोटं सामान मांडतात. खाली बारीक अक्षरांत 'सजावट काल्पनिक' असं लिहायचं, की झालं. माणसं ती ओळ वाचतात. बाहुलीने वाचली नव्हती. बाहुलीने फोटो बघितला, त्यातली शेकोटी खरी मानली, आणि जिथे शेकोटी आणि गालिचा तिथे ओल कशी असेल, असं आपल्या मनाने ठरवून टाकलं.

ब्रिटाने फोन टेबलावर पालथा टाकला. कारण ऑस्टबींचं घर विकलं जात होतं. शुक्रवारी सह्या होत्या. आणि घेणारी बाई, रमोना त्रेहो, त्या चौकटीतूनच आली होती.

"काय गं? चेहरा का उतरला?" मकेनाने विचारलं.

"काही नाही," ब्रिटा म्हणाली. 

*

हे सगळं सुरू झालं होतं उन्हाळ्याच्या शेवटी, स्वयंपाकघरात.

आईकडे वसंतापासून एकही घर विकलं गेलं नव्हतं. कागदाची गिरणी बंद पडल्यापासून बाबाही घरीच. तो विकाऊ घरांच्या अंगणात आईच्या पाट्या ठोकायचा, दारापुढचं गवत कापायचा, आणि रात्री फार्गोच्या काकाशी फोनवर हळू आवाजात बोलायचा. काकाच्या गोदामात बाबाला जागा होती. आईने ज्या कंपनीच्या नावाखाली धंदा चालवला होता तिथल्या मालकीणबाईंनीही गोड शब्दांत सांगितलं होतं की वर्षअखेरीपर्यंत बघू या, लोरेन, नाही तर तुझं टेबल दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. मतलब साधा होता. एक विक्री झाली तर ते इथे राहणार. नाही झाली तर डुलुथ सोडून फार्गो. तलाव नाही, टेकडी नाही, मकेना-तलिया नाहीत, वक्तृत्वाचा संघ नाही.

आणि बाजारात रोज नवी वस्तू! आईच्या ऑफिसातली ती चकाचक तरुण पोरं वरून उडणाऱ्या कॅमेऱ्याने छपरांचे फोटो काढायची. कुणी घरबसल्या खोल्याखोल्यांतून फिरवून आणणारा कॅमेरा घेतला होता. कुणी घर शोधणाऱ्या लोकांची नावं विकत घ्यायचं. विकणारे रोज आईला फोन करायचे, आणि आई प्रत्येकाला म्हणायची, "विचार करून सांगते." विचार करून करून तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. पैसे एकाच वस्तूपुरते होते, आणि तेही कशासाठी तरी बाजूला काढून ठेवलेले: भोपळ्याच्या पाईंसाठी, म्हणजे आत भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेल्या त्या गोल, खुसखुशीत पक्वान्नासाठी.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी आई आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना पाई वाटायची. आजवर ज्यांना ज्यांना घर मिळवून दिलं ती माणसं ऑफिसात यायची, आपली पाई उचलायची, पोरांची वाढलेली उंची दाखवायची, आणि जाता जाता सांगायची की बहिणीला घर हवंय हं, लोरेन. आईचा निम्मा धंदा त्या पाईंवर चालायचा.

तेव्हा ब्रिटा उभी राहिली. हो, स्वयंपाकघरात! लॅपटॉप फ्रिजला टेकवून तिने चित्रं दाखवली, आलेख दाखवले.

"कुठल्या वस्तूवर आधी पैसे घालायचे, यालाच खरं धंद्याचं डोकं म्हणतात," ती ठणकावून म्हणाली. "माझा नियम सोपा आहे. जी वस्तू सगळ्यात कमी झोपते ती पहिली. कॅमेरा कोण उडवणार? तूच. विकत घेतलेल्या नावांना फोन कोण लावणार? तूच. आणि तू थकतेस, आई. सहायक थकत नाही. कुणी पहाटे विचारलं तर पहाटे उत्तर देईल. पाई काय, एका दिवसात पोटात!"

"आणि ती बाई चुकीचं बोलली तर?" बाबाने विचारलं.

"कोण बाई?"

"तुझी ती न झोपणारी."

"बाबा, ती आईच्या जुन्या ईमेल वाचून शिकते. आईसारखीच बोलेल."

"आईसारखी बोलेल गं. पण आईला जे माहीत नसतं तिथे आई गप्प बसते. ही बसेल का?"

"तू ना, बाबा, फळ्याच्या जमान्यातला आहेस," ब्रिटा म्हणाली, आणि आई हसली. खूप दिवसांनी हसली. ते हसू बघूनच बाबाने हात वर केले. यंदाच्या पाई गेल्या. 'लोरेनला विचारा' आली.

ब्रिटाने तिची परीक्षाही घेतली होती. शाळा किती लांब? घर कधी बघता येईल? सगळी उत्तरं बरोबर! सोपेच प्रश्न विचारले होते तिने. जिंकल्याच्या आनंदात अवघड प्रश्न सुचतात कुणाला?

मग ऑक्टोबरात नेब्रास्काहून रमोना आली, चौकटीतून. तिच्या नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. घर हवं होतं, लगेच हवं होतं. तिचा स्वतःचा एजंट नव्हता. घर तपासणारा माणूस बोलवावा का, असं तिने विचारलं तेव्हा म्हणे तिला उत्तर मिळालं की घर उत्तम आहे. आईला या सगळ्यात फक्त एवढंच दिसलं: गिऱ्हाईक आलं! तिने ब्रिटाला उचलून गोल फिरवलं होतं. सोळा वर्षांच्या घोडीला!

*

शाळा सुटल्यावर ब्रिटा घरी गेली नाही. बस पकडून टेकडीवर ऑस्टबींच्या घरी गेली. रमोना आज पडद्यांची मापं घ्यायला येणार होती आणि आई दार उघडायला.

दोघी तळघरातच होत्या. भिंती पांढऱ्याशुभ्र. ऑस्टबी आजींचा मुलगा ॲरिझोनाहून आला होता, त्याने उन्हाळ्यात सगळं रंगवून काढलं होतं. जमिनीलासुद्धा राखाडी रंग. विकताना घरातले दोष लिहून द्यायचा जो कागद असतो, त्यावर त्याने लिहिलं होतं की मी इथे राहिलेलो नाही, मला काही माहीत नाही. वारसांना तसं लिहिता येतं.

"ही माझी मुलगी," आई म्हणाली. तिचा आवाज इतका आनंदी होता की ब्रिटाला ऐकवेना. "ब्रिटा. फोटो सगळे हिनेच केलेत."

"अरे वा! म्हणजे शेकोटी तुझी!" रमोना मोठ्याने हसली. बुटकी, गुटगुटीत बाई, केसांत पेन्सिल खोचलेली. "मी नवऱ्याला म्हटलं, अहो, शेकोटी खोटी आहे, खाली लिहिलंय. तो म्हणाला, मग घर तरी खरं आहे का?"

आई हसली. ब्रिटानेही दात दाखवले.

"इथे माझं मशीन येणार," रमोना दोन्ही हात पसरून म्हणाली. "गोधड्यांचं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब आहे. आणि कापडाचे तागे या बाजूला. सगळा ट्रक ताग्यांनीच भरलाय, मोटेलच्या दारात उभा आहे. नवऱ्याला हॉस्पिटल, मला हे. गावाकडे बायका वर्षभर आधी नंबर लावायच्या माझ्याकडे." मग ती आईकडे वळली. "तुमचे आभारच मानायला हवेत, लोरेन. मी तुम्हाला पाण्याचं किती वेळा विचारलं! आमच्या आधीच्या घराच्या तळघरात पाणी शिरलं होतं, माझ्या बहिणीच्या लग्नाची गोधडी कुजली. म्हणून मला धास्ती. पण तुम्ही न कंटाळता प्रत्येक वेळी लिहिलंत, कोरडं आहे, कोरडं आहे. तेव्हा कुठे मी हो म्हटलं."

आई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर ब्रिटाकडे सरकली. ब्रिटाने मान खाली घातली. बस, तेवढंच. आईला कळलं की आपण न लिहिलेलं काहीतरी आपल्या नावाने लिहिलं गेलंय.

"हो... हो," आई म्हणाली. "म्हणजे... विचारावंच माणसाने."

आई नाही म्हणेल असं ब्रिटाला वाटलं होतं. आई नेहमी खरं बोलायची, गिऱ्हाइकाला छपराच्या प्रत्येक गळक्या कौलाबद्दल सांगायची, त्यापायी कितीतरी घरं हातची घालवायची. ती आई आत्ता हातातल्या मापाच्या फितीची घडी घालत होती, उघडत होती, पुन्हा घालत होती.

ब्रिटा मागे सरकली. कोपऱ्यात पाय पडला तिथे जमीन वेगळीच वाजली. पोकळ! खाली काँक्रीट नव्हतं. रंगाखाली लाकूड होतं.

"मी जरा बाहेर जाते," ती म्हणाली.

*

शेजारचे म्हातारे मिस्टर लुंड आपल्या दारापुढचा बर्फ उपसत होते. ब्रिटाला त्यांनी लांबूनच ओळखलं.

"कोस्कीची पोरगी ना तू? विकलं का शेवटी?"

"शुक्रवारी सह्या आहेत." ब्रिटा त्यांच्याजवळ गेली. "मिस्टर लुंड, एक विचारू? त्या तळघरात कोपऱ्यात काय होतं?"

"कोपऱ्यात? पंप होता की! जमिनीत खड्डा खणलेला, त्यात पंप." त्यांनी फावड्यावर हनुवटी टेकली. "टेकडीचा सगळा वितळलेला बर्फ एप्रिलमध्ये ऑस्टबीच्याच भिंतीतून जायचा. पंप रात्रंदिवस घरघरायचा, माझी झोप उडायची. एका वर्षी वीज गेली तर मी बादल्या घेऊन गेलो होतो. बूट भरले माझे! अर्ना ऑस्टबी जिन्यावर बसून मला म्हणते कशी, 'लुंड, तू पोहायला आलायस की उपसायला?' गुणी बाई."

"आणि पंप आता कुठे आहे?"

"पोराने काढून नेला ना उन्हाळ्यात. त्याच्या गाडीत टाकताना मीच हात लावला. मला वाटलं, नवा बसवतोय." त्यांनी ब्रिटाच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "नाही बसवला?"

ब्रिटाने नकारार्थी मान हलवली.

"अरे देवा," मिस्टर लुंड म्हणाले, आणि पुन्हा बर्फ उपसायला लागले, पण अगदी हळू.

*

गाडीत बसल्यावर आईने हीटर लावला. काच पुसली. गाडी सुरू केली, पण जागच्या जागी उभीच ठेवली.

"किती लोकांना बोललीय ती असं?" आईने विचारलं.

"माहीत नाही. मी आज दुपारीच बघितलं. मकेनाने विचारायला लावलं म्हणून. आई, मी फोटोत शेकोटी घातली ना, त्यावरून तिने... आई, सॉरी. खरंच. पण ऐक, मिस्टर लुंड म्हणाले की..."

"नको."

"अगं, महत्त्वाचं आहे!"

"नको म्हणते ना!" आई इतक्या जोरात ओरडली की काचेवरची वाफ हलल्यासारखी वाटली. मग तिचा आवाज एकदम खाली आला, भीक मागितल्यासारखा. "ब्रिटा, ऐक माझं, बाळा. मला जे माहीत असतं ते मला घेणाऱ्याला सांगावंच लागतं. माझा परवानाच त्या अटीवर आहे. पण जे मला माहीत नाही ते सांगायचं बंधन नाही. कळतंय तुला? मला माहीत नसू दे."

"पण तुला कळलंय, आई. तू घाबरलीयस, म्हणजे तुला कळलंय."

"मला संशय आहे. संशय म्हणजे माहिती नव्हे." आईने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "शुक्रवारपर्यंत. फक्त शुक्रवारपर्यंत गप्प बस. तुझा बाप फार्गोला गोदामात खोकी उचलेल या वयात. त्याची पाठ बघितलीयस? तुझी शाळा जाईल. मी कुठे जाऊ? मला दुसरं काय येतं? मी एकोणीस वर्षं हेच केलंय, एकोणीस वर्षं खरं बोलून केलंय, आणि त्याचं मला काय मिळालं? दुसऱ्याला द्यायचं टेबल!"

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती समोर बघत होती, आणि वायपर कोरड्या काचेवर करकरत होते, आणि ते बंद करायचं दोघींनाही सुचत नव्हतं.

*

घरी बाबाने रानतांदळाचं सूप केलं होतं. दोघींची तोंडं बघून त्याने चमचे वाजवायचे थांबवले.

"काय झालं? फिसकटलं?"

"काही फिसकटलेलं नाही," आई म्हणाली. "सगळं ठरल्याप्रमाणे आहे."

बाबाने ब्रिटाकडे बघितलं. ब्रिटाने सुपाकडे.

"मी जेवत नाही," ती म्हणाली आणि वर गेली.

खोलीत तिने लॅपटॉप उघडला. निदान एक तरी काम हातात होतं: बाहुलीचं तोंड बंद करायचं. सगळी हिंमत, सगळं वक्तृत्व, ठणकावून मांडलेला तो नियम! जी कमी झोपते ती पहिली! हे सगळं आता तिला स्वतःच्याच थोबाडीत मारल्यासारखं वाटत होतं. बाबाने नेमकं तेच विचारलं होतं. आईला माहीत नसतं तिथे आई गप्प बसते. ही बसेल का?

आणि आज आईही... पण आई गप्प बसली ती वेगळीच. माहीत नाही म्हणून नव्हे. माहीत व्हायला नको म्हणून.

बंद करायचं बटण सापडायच्या आतच चौकटीत एक ओळ उमटली. कुणीतरी त्याच क्षणी लिहीत होतं.

'लोरेन, मी रमोना. पुन्हा त्रास देते, हसू नका. फडताळं वसंतापर्यंत यायची नाहीत. तोपर्यंत तागे तळघरात थेट जमिनीवर ठेवले तर चालतील ना?'

"नको," ब्रिटा लॅपटॉपला म्हणाली. "नको, नको, नको..." तिचं बोट कुठे दाबायचं तेच शोधत होतं.

'अगदी बिनधास्त ठेवा! जमीन कोरडी आणि उबदार आहे. तुमच्या सुंदर गोधड्यांना याहून चांगलं घर मिळणार नाही. लोरेन आहे ना!'

रमोनाने उत्तरादाखल एक लाल बदाम पाठवला.

ब्रिटाने बटण दाबलं. चौकट काळी झाली. आईचा हसरा फोटो तेवढा राहिला, वर, एकटाच. बाहुलीचं तोंड बंद झालं होतं, पण जे रमोनाच्या कानात गेलं ते काढायचं बटण कुठेच नव्हतं. एप्रिल येणार. बर्फ वितळणार. ती गुटगुटीत बाई केसांत पेन्सिल खोचून जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहणार आणि तिच्या पायाशी लाल, निळे, फुलाफुलांचे तागे पाणी पीत असणार. तिला वाटणार, लोरेनने सांगितलं होतं. तिला कधी कळणारही नाही की लोरेनने सांगितलं नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, शुक्रवारनंतर ते खरंच लोरेनने सांगितल्यासारखं होणार.

ब्रिटा पलंगावर बसली. फार्गो आठवून बघितलं. काकाचं सपाट अंगण, वारा, बाबाची पाठ. मकेना. तलिया. पुढच्या महिन्यातली स्पर्धा, जिचं भाषण तिला अर्धं पाठ झालं होतं. हजेरीला विरून जाणारा तो जुना आवाज तिला आठवला. गप्प बसणं किती सोपं होतं! तिला त्याची सवय होती, वर्षानुवर्षांची. फक्त शुक्रवारपर्यंत. आईने मागितलं होतं, आणि आईने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

ती उठली. बसली. परत उठली.

खाली आई-बाबा टेबलाशी समोरासमोर बसले होते. सूप तसंच, वर साय धरलेलं. जिन्यावर पावलं वाजली तशी आईने मान वर केली, आणि लेकीचा चेहरा बघून तिने खुर्ची मागे सारली.

"ब्रिटा, नाही," ती म्हणाली. "आपलं ठरलंय ना गाडीत?"

"तुझं ठरलं होतं."

"ग्लेन, सांग तिला!"

"काय सांगू? मला कुणी काही सांगेल तर ना!" बाबा एकीकडून दुसरीकडे बघत म्हणाला. "काय चाललंय तुमचं?"

आईने खरंच दोन्ही हात कानांवर नेले, लहान मुलीसारखे. ब्रिटाने टेबलाची कड धरली. आवाज निघाला तो स्पर्धेतला नव्हता. चिरका, तुटका, पण निघाला.

"आई, बाबा, माझं ठरलंय. मी सांगणार आहे, आणि तू कान झाकलेस तर मोठ्याने सांगणार आहे. ऑस्टबींच्या तळघरात दर एप्रिलला पाणी भरतं. पंप होता, तो मुलाने काढून नेला आणि खड्ड्यावर फळी ठोकून वर रंग मारला. मिस्टर लुंडनी सांगितलं. आता तुला माहीत आहे, आई, मला माहीत आहे, बाबालाही माहीत आहे, फक्त रमोनाला माहीत नाही. बाहुली मी बंद केलीय. आता रमोनाला फोन लावणार आहे. तू लावलास तर मी शेजारी बसेन, तुझा हात धरून बसेन. नाही लावलास तर मी लावते. पण आज, आई. तागे ट्रकमध्ये आहेत तोवर."